दुसऱ्या राउटरचा लाल दिवा

"लालच हाय अजून?" जेकबदादाने आरामखुर्चीतून मान पुढे काढून विचारलं.

"लालच," गोविंदा म्हणाला. टीव्हीच्या फळीवर त्याने दोन राउटर शेजारी-शेजारी मांडले होते. जुना त्यानेच सात वर्षांपूर्वी बसवलेला. नवा जेकबदादाच्या लेकीने, रेचलने, इस्रायलमधल्या अश्दोदहून पाठवलेला. पार्सल पेणला कुरियरवाल्याकडे अडकलं, तेव्हा ते आणायलाही गोविंदाच गेला होता. आत काय आहे ते तेव्हा ठाऊक असतं, तर कदाचित गेला नसता.

रेचलने नव्या राउटरात व्हीपीएन भरून पाठवलं होतं. रोह्याच्या या घरातून थेट तिच्या घरापर्यंत एक बंदिस्त वाट. तिकडच्या केबलवरचे जे कार्यक्रम त्या देशाबाहेर दिसत नाहीत, ते या वाटेने इथे दिसणार होते. टीव्हीला वाटणार होतं, आपण अश्दोदलाच आहोत.

"काय बिघडलंय पण?"

"मोठं काम हाय, दादा. तिकडूनच काहीतरी चुकलंय."

चुकलं होतं ते एवढंच, की दोन्ही राउटरांचा नेटवर्कवरचा पत्ता एकच होता, शेवटच्या आकड्यापर्यंत. एका घरात एकाच पत्त्याची दोन खोकी ठेवली, की एकालाही दुसऱ्यातून वाट मिळत नाही. नव्याचा एक आकडा बदलला की पाच मिनिटांत दिवा हिरवा. केबलच्या कामात तीस वर्षं घालवलेल्या गोविंदाला हे केव्हाच कळलं होतं. कळूनही तो वायर काढत होता, फुंकत होता, परत लावत होता.

कारण बुधवार होता.

चौतीस वर्षं दर बुधवारी साडेसहाला पुलापलीकडच्या अष्टमी गावातल्या राममंदिरात गोविंदाचं कीर्तन असे, आणि पेटीवर जेकबदादा. गोविंदा स्कूटर घेऊन पूल ओलांडून रोह्यात यायचा. पेटी पायांशी उभी ठेवायची, गुडघे बाहेर फाकवायचे, मागे जेकबदादा, आणि पुन्हा कुंडलिका नदीवरून अष्टमीला. कीर्तन संपलं की आरतीच्या आधी जेकबदादा शांतपणे उठून बाहेर पायरीवर बसायचा. तो ज्यू, त्याचा धर्म वेगळा, मूर्तीपुढे तो हात जोडायचा नाही. कुणी कधी विचारलंही नाही. मंदिरातली गोदूबाई आरती झाली की, नैवेद्यातलं नव्हे, पिशवीत वेगळं ठेवलेलं केळं त्याला नेऊन द्यायची. देवाच्या दारी एवढी समज माणसाला आपोआप येते.

आता हाच जेकबदादा मघाशी सहज म्हणाला होता, "हे चालू झालं की बुधवारचं मला जमायचं नाय रे. रेचलचं कीर्तन तिकडच्या केबलवर बुधवारीच असतंय. तिकडं दुपारचे चार, इथं साडेसहा."

"कीर्तन? रेचल करते?"

"व्हय. आपल्या लोकांसाठी, मराठीत. योसेफाचं आख्यान लावलंय. दोनशे माणूस बसतंय, हॉल पुरत नाय!"

दोनशे! गोविंदाच्या समोर गेल्या बुधवारी अकरा माणसं होती. त्यातले दोघे पंख्याखाली झोपायला आलेले.

तेवढ्यात जेकबदादाचा फोन वाजला. पडद्यावर रेचल. केस पिकायला लागलेली, पण हसू तेच, झांजा घेऊन पहिल्या रांगेत बसणाऱ्या परकरातल्या पोरीचं.

"काका! तुम्ही बघताय म्हणजे झालंच काम. आणि रागावू नका हां, आख्यानाला चाल तुमचीच घेतलीय. पुलावरची!"

गोविंदाला पुलावर स्कूटर चालवताना सुचलेली ती चाल. शिकवलं आपण, चाल आपली, आता पेटीवालाही तिचा. त्याने तोंडभर हसून म्हटलं, "घे गो बाय, तुझीच हाय." आणि फोन बंद झाल्यावर नव्या राउटरची वायर उपसून काढली.

"आज काय हे होत नाय, दादा. चल, उशीर होतोय."

जेकबदादाने एकदा टीव्हीकडे पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या.

त्या संध्याकाळी गोविंदा ईर्ष्येने गायला. दोनशे माणसांना ऐकू जावं असा. अकरा डोकी डोलली, झोपणारे दोघेही जागे झाले. मग मध्येच त्याने सवयीने वरची पट्टी धरली आणि पेटी खालीच राहिली. एक क्षणभर. जेकबदादा त्याच्या तोंडाकडे, ओठांकडे टक लावून पाहत होता. ओठ पाहून त्याने सूर शोधला आणि पकडला. लोकांना काही कळलं नाही.

आरती चालू असताना गोविंदा प्रथमच ती सोडून बाहेर आला आणि पायरीवर बसला.

"दादा, पट्टी चुकलास?"

जेकबदादाने मान वळवली नाही. गोविंदाने आणखी जोरात विचारलं.

"ओरडू नको, उजव्यात हाय अजून थोडं," जेकबदादा म्हणाला. "डावा कान वर्षापूर्वीच गेला. डॉक्टर म्हणतो, हाही जाणार."

"वर्षभर? आणि मला सांगितलं नायस?"

"सांगून? तू दुसरा पेटीवाला कुठून आणला असतास? तुझं तोंड बघून वाजवत होतो." तो हसला. "फोनवर नुसती खरखर ऐकू येते रे. टीव्हीला मोठा स्पीकर लावला तर जमेल. बावीस वर्षं झाली तिला गाताना ऐकून. उरलंय तेवढ्यात तिचं ऐकून घ्यायचं हाय."

आतली घंटा थांबली. गोदूबाई केळं घेऊन आली, दोघांकडे बघून म्हणाली, "काय रे गोविंदा, आरतीला पाठ दाखवून बसलास? भांडलात काय?"

"मी भांडलो," गोविंदा म्हणाला. "दादा नाय."

पुढच्या बुधवारी तो पाच वाजताच रोह्याला पोचला. नव्या राउटरच्या पत्त्यातला एकचा दोन केला. दिवा हिरवा झाला. घरातला मोठा स्पीकर त्याने टीव्हीला जोडला आणि खुर्ची उजव्या कानाच्या बाजूला सरकवली.

"एवढंच होतं?" जेकबदादाने विचारलं.

"एवढंच होतं. मला मागच्या वेळीच ठाऊक होतं."

जेकबदादाने खुर्चीच्या हातावरचा गोविंदाचा हात थोपटला.

साडेसहाला पाच कमी असताना हॉल दिसला. दोनशे नसतील, पण पुष्कळ माणसं. साडी नेसलेली रेचल उभी राहिली. शेजारी तबलेवाला होता. पेटी नव्हती. "योसेफाच्या भावांना त्याचा हेवा वाटला," तिने सुरुवात केली आणि पुलावरची चाल धरली. गोविंदाला वाटलं होतं, आता पुन्हा तोच हेवा उसळेल. उसळलाच. चांगलं गात होती पोर. त्याच्याहून चांगलं.

"पेटी घेऊन जा," जेकबदादा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "शेजारच्या पिंकीला येते थोडी. तुझं अडायला नको."

गोविंदाने कोपऱ्यातली पेटी उचलली. दोन पावलं गेला. परत आला आणि ती जेकबदादाच्या पुढ्यात ठेवून भाता उघडला.

"तिच्याकडं पेटीवाला नाय, दादा."

खाली येऊन त्याने स्कूटर चालू केली, तेव्हा वरच्या खिडकीतून पेटीचा पहिला सूर आला. एक क्षण उशिरा, पण बरोबर पट्टीत.

पुलावर वारा होता. उशीर झाला होता, अकरा माणसं वाट पाहत असतील. पायांशी जागा मोकळी होती, तरी अष्टमी येईपर्यंत गोविंदाचे गुडघे फाकलेलेच होते.