सुनेच्या कळा

बाळंतपणावरचे माहितीपट दाखवायचा दिवस ठरला, तसा पार्वताबाईनं लेकीला तीनदा फोन केला. दामिनी लाखनीला राहायची. नवरा चंदन आणि चार वर्षांची मुलगी यांना घरी ठेवून ती सकाळच्या बसनं माहेरी आली.

माहेर म्हणजे गोसीखुर्द धरणामुळे उठून आलेल्यांची नवी वसाहत. सारखी घरं, सरळ रस्ते, मधे बुद्धविहार आणि त्याला लागून समाजमंदिर. समाजमंदिराच्या खिडक्यांना चादरी लावून महिला मंडळानं अंधार केला होता. पडदा म्हणून एक पांढरं धोतर ताणून बांधलं होतं.

तीन माहितीपट होते. दोन बाहेरच्या दाईंवरचे आणि तिसरा पार्वताबाईवरचा. ती जुन्या गावातही दाई होती, नव्यातही दाईच राहिली. बाळंतपणं आता दवाखान्यात होत, पण कुणाला कळा सुरू झाल्या की आधी पार्वताबाईला बोलावणं जायचं. ती बाईला धीर द्यायची, अंगणात फिरवायची आणि तिच्यासोबत दवाखान्यात जाऊन उशाशी उभी राहायची. गेल्या वर्षी हे माहितीपट बनवणारी नागपूरची स्वाती कॅमेरा घेऊन तिच्या घरी राहून गेली होती.

दामिनी आत आली तेव्हा पार्वताबाई सगळ्यात पुढे बसली होती. शेजारी खुशबू, दामिनीच्या धाकट्या भावाची, सुगतची बायको, मांडीवर बाळ घेऊन. खुशबूनं सरकून जागा केली, ताई इथं बसा म्हणाली. दामिनीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मागे भिंतीला टेकून बसली.

पहिले दोन माहितीपट बायकांनी पदर तोंडाला लावून, मधूनमधून हसत पाहिले. तिसरा सुरू झाला आणि पडद्यावर खुशबूच आली. पोट पुढे आलेलं, केस विस्कटलेले. आई तिला अंगणात फिरवत होती. कळ आली की थांबून तिची कंबर चोळत होती. मग तिला खाली बसवून तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली आणि म्हणाली, "आलंच आता, माझं लेकरू."

आईनं आपल्याला कधी लेकरू म्हटलेलं दामिनीला आठवेना. पडद्यावर आता दवाखाना होता. आईनं खुशबूच्या कपाळाला कपाळ लावलं होतं. बाळ रडलं तशी आईही रडली. बाबा, परसराम, गेले तेव्हाही दामिनीनं आईच्या डोळ्यात पाणी पाहिलं नव्हतं.

तिचं स्वतःचं बाळंतपण भंडाऱ्याला झालं होतं. दवाखान्यात सासू बाहेर चहा पीत बसली होती आणि दामिनी आतून आईच्या नावानं ओरडत होती. चंदननं फोन केला तेव्हा सुगत म्हणाला, आई दुसऱ्या गावाला कुणाच्या तरी बाळंतपणाला गेली आहे. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर आई डिंकाचे लाडू घेऊन आली. नातीला न्हाऊ घातलं, शेकलं. पण कसं झालं, फार त्रास झाला का, हे तिनं एका शब्दानं विचारलं नाही. दामिनीनंही सांगितलं नाही.

चादरी काढल्यावर स्वातीनं बोलायचं आवाहन केलं. दोनचार बायका बोलल्या. मग खुशबूनं माइक हातात घेतला. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. ते सांगून ती म्हणाली, "पण त्या दिवशी मले माय नाई, असं वाटलंच नाई." बायकांनी टाळ्या वाजवल्या. पार्वताबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तो हात पाहिला आणि दामिनी उठून उभी राहिली. माइकची वाट तिनं पाहिली नाही.

"मले माय हाये," ती म्हणाली. "पण माझ्या बाळंतपणाले ती आली नाई. लोकाइच्या पोरी तिले जवळच्या होत्या."

सगळे मागे वळून पाहू लागले. स्वाती काहीतरी सावरायला गेली, पण पार्वताबाईनं तिला थांबवलं.

"त्या दिवशी मी कोनाच्याच बाळंतपणाले गेली नव्हती," ती म्हणाली. "सुगतले तसं सांगाले मीच लावलं. घरीच होती मी, दार लावून."

"काहून?"

"भेव वाटलं. दुसऱ्याच्या पोरीले कळा आल्या का माझे हात आपोआप चालते. तुह्यासाठी चंदनचा फोन आला अन् माझे पायच गेले. लय बायका पाह्यल्या मी. काय काय होते, ते सारं डोयापुढं आलं." ती थांबली. "सुनेच्या कळा पाहवते, बाई. पोटच्या पोरीच्या नाई पाहवत."

पुढच्या एका म्हातारीनं मान हलवली, कुणी डोळे पुसले. दामिनी खाली बसली. चार वर्षांची आढी मनातून उतरत होती. आईनं आपल्यासाठी दार लावून घेतलं होतं, आपल्यासाठी तिचे पाय गेले होते. तिनं वर पाहिलं, तर समोर खुशबूचा चेहरा दिसला. बाळाला थोपटणारा तिचा हात थांबला होता. तिनं माइक हळूच खाली ठेवला.

जेवणात वरणभात, वांग्याची भाजी आणि भजी होती. पार्वताबाईनं लेकीला शेजारी बसवलं, स्वतःच्या ताटातलं भजं तिच्या ताटात टाकलं. दामिनीला ते गोड लागलं. खुशबूनं हे पाहावं, असंही तिला वाटलं आणि त्याची लाजही वाटली. खुशबू मात्र पंगतीत दिसत नव्हती.

बाळाला शेजारी सतरंजीवर ठेवून ती मागच्या नळावर त्याचं दुपटं धूत होती. दामिनी तिच्याजवळ गेली आणि जेवायला चल म्हणाली.

"भूक नाई, ताई."

"आई तसं म्हणाली म्हणून मनाले लावून घेऊ नको. हात तर तिनं तुलेच लावला."

खुशबूनं दुपटं पिळलं. "हो, मले हात लागले," ती म्हणाली. "पण तुमच्यासाठी तिचे पाय गेले."

दामिनीनं बाळ घ्यायला हात पुढे केले, पण खुशबूनं बाळाला उचलून खांद्यावर टाकलं आणि झोपेला आलंय म्हणून पाठ फिरवली.

दुपारी, उशिरा आलेल्या बायकांसाठी खिडक्यांना पुन्हा चादरी लावून तिसरा माहितीपट दाखवला. या वेळी दामिनी आईशेजारी बसली. आईनं तिचा हात हातात घेतला आणि अंगठ्यानं चोळत राहिली. पडद्यावरचा लेकरू हा शब्द आता दामिनीला बोचला नाही.

तेवढ्यात बाहेर बाळ रडलं. आईनं दामिनीचा हात सोडला आणि ताडकन उठून बाहेर गेली. उघड्या दारातून दामिनीला दोघी दिसल्या. आईनं बाळासाठी हात पसरले. खुशबू मान खाली घालून उभी राहिली, बाळ देईना. आई काहीतरी बोलली, ते आत ऐकू आलं नाही. मग आईनं बाळासकट खुशबूलाच जवळ ओढलं. खुशबू आधी ताठ राहिली, मग तिनं सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दामिनी तिकडेच पाहत राहिली. बरं झालं, असं तिनं स्वतःला सांगितलं. तरी आईनं लवकर आत यावं, म्हणून ती पडद्याकडे न पाहता दाराकडे पाहत बसली.