गुडघ्याचं मलम

पौषातली सकाळ. आमगावजवळच्या त्या गावात माणसं शेकोटीला चिकटून बसली होती आणि ओमेश्वरी हातपंपाखाली डोकं धरून उभी होती. चुलीवर भात अर्धाच शिजला होता. छातीतून एकदम जाळ उठला, मानेवरून टाळूत गेला, साडी पाठीला चिकटली. तशीच ती अंगणात धावली होती.

"पाहा, पुसाच्या थंडीत डोक्यावर पानी घेऊन राहिली!" सासू रामबाई ओसरीवरून ओरडली. "भूत लागला हिले. नाई तं नखरे होत."

भूतबीत काही नव्हतं. असलंच तर ते आठ वर्षांपूर्वी याच घरानं तिच्या अंगात घातलं होतं.

तेव्हा ओमेश्वरी चौतीस वर्षांची होती. पाळीत अंगावरून जास्त जायचं. घरात विटाळ कडक. ते दिवस ती गोठ्याशेजारी बसायची आणि चूल रामबाईच्या गळ्यात पडायची. त्यात धानाची रोवणी आली, वीस बाया चिखलात, त्यांची भाकरी कोण थापणार? रामबाईनं निकाल दिला. "दोन पोरं झाले. आता ते पिशवी कायले ठेवाची? काढून टाका, झंझट मिटते."

नवरा धनेंद्र आईच्या शब्दाबाहेर नव्हता. शहरातल्या एका डॉक्टरनं गोळ्या देऊन पाहायचीही तसदी घेतली नाही. गर्भाशय काढलं, धडधाकट अंडाशयंही काढली. जिची पिशवी, तिला विचारलं नाही. अंडाशयं गेली हे तर तिला सांगितलंही नाही. एका दुपारीत तिचं शरीर पन्नाशीपलीकडे नेऊन टाकलं आणि घरानं सुटकेचा श्वास सोडला. सून आता बाराही महिने कामाची झाली.

पुढची आठ वर्षं ती जळत होती. झोप नाही, सांधे ठणकत, जवळ यायचं म्हटलं की आत काचा टोचल्यासारखं. धनेंद्र तिला "वाळलं लाकूड" म्हणायचा, चारचौघांत, हसत.

शेवटी तिच्या बहिणीची मुलगी चंचल आली. गोंदियात नर्स होती. बारशाचं निमित्त सांगून ती मावशीला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी जुने कागद पाहिले, रक्तदाब घेतला, छाती तपासली.

"अंडाशयं काढली तेव्हाच औषध सुरू करायला हवं होतं. किसीने बताया नहीं?"

"नाई."

"हे जेल आहे. रोज दंडावर चोळायचं. शरीरात जे बनणं बंद झालं, ते कातडीतून जातं. गोळीपेक्षा यात रक्ताच्या गाठीचा धोका कमी. आतल्या कोरडेपणाला ही वेगळी क्रीम. पाळी जाण्याचं वय येईपर्यंत तरी घ्या, हाडंही वाचतील." मग त्यांनी बोट वर केलं. "तुम्हाला पिशवी नाही म्हणून नुसतं हे चालतं. पिशवी असलेल्या बाईला सोबत दुसरी कॅप्सूल लागतेच. नाहीतर आतलं अस्तर वाढतं, रक्त जातं, पुढे कॅन्सरही होऊ शकतो. दुसऱ्या कोणाला देऊ नका."

तीन आठवड्यांत ओमेश्वरी झोपू लागली. एकदा तर भाजी चिरताना गुणगुणली. तेच नडलं. गुणगुणणारी सून रामबाईला खपली नाही. तिनं सुनेची पेटी उचकली आणि जेलची नळी लेकाच्या हातात दिली.

"जवानी आनून राहिली काय वो? कोनासाठी?" धनेंद्रनं विचारलं. उत्तराआधी थप्पड बसली.

दुसरा हात उगारलेला पाहून ओमेश्वरीच्या तोंडून खोटं निघालं. "गुडघ्याचं मलम होय. गुडघे दुखतेत म्हणून."

"अस्सं?" रामबाईनं नळी हिसकावली. "बेचाळिसाव्या साली तुहे गुडघे दुखते, अन् माहे सत्तर सालाचे काय लोखंडाचे होत? आजपासून मले लाव. तूच चोळ."

ओमेश्वरीनं तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंचं वर केलेलं बोट तिला दिसलं. खरं बोललं तर मार, आणि औषध कायमचं गेलं. तिनं तोंड मिटलं.

त्या दिवसापासून ती सासूच्या गुडघ्यांवर जेल चोळू लागली. तळहातांना लागेल तेवढं तिचं. रामबाई म्हणे, "आनखी घे, कंजुशी कायले करतं?" आणि ओमेश्वरी आणखी घेई. नळी संपली की धनेंद्र रिकामं खोकं घेऊन आमगावला जाई. दुकानदार चिठ्ठी न मागता नवी देई. बायकोकडून जे हिसकावलं तेच तो आईसाठी कौतुकानं आणत होता. ओमेश्वरीला सगळं कळत होतं. रोज ती ठरवायची, उद्या सांगीन. रोज तिला झोप लागायची आणि ती झोप सोडवत नव्हती.

चौथ्या महिन्यात एका दुपारी रामबाईनं तिला न्हाणीत बोलावलं. लुगड्यावर रक्त होतं.

"वीस साल झाले बंद होऊन," ती पुटपुटली. "कोनाले सांगू नको. लोक थुकतील माह्यावर. ओमे, मी मरून राहिली काय?"

आता ओमेश्वरी गप्प राहिली नाही. त्याच दिवशी तिनं चंचलला फोन केला, सासूला गोंदियाला नेलं आणि डॉक्टरीणबाईंसमोर, धनेंद्रच्या देखत, पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाई तिच्यावर संतापल्या, आणि रास्तच होतं ते. अस्तर वाढलं होतं. तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. जेल बंद केलं, औषध दिलं. धनेंद्रनं विचारलं, "माईची पिशवी काढाची गरज नाई ना? या उमरीत माय सहन करनार नाई."

रामबाई बरी झाली. बरी झाल्याबरोबर तिनं गावभर सांगितलं की सुनेनं जहर चोळून मारायला घेतलं होतं. अंगणात माणसं जमली. गावातला जाणता सेवकराम खाटेवर बसला.

"सासूचे पाय धर," तो म्हणाला. "अन् पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे, हे दवा पुन्हा लावनार नाई. मंग घरात ये."

ओमेश्वरीनं रामबाईचे पाय धरले. "माय, मले मालूम होतं अन् मी बोलली नाई. हे पाप माह्यं होय. माफी मागतो तुमाले."

रामबाईनं पाय ओढून घेतले.

"आता शपथ," सेवकराम म्हणाला.

"नाई."

"काऊन?"

"दवाचा गुन्हा नाई. खोटं बोलन्याचा होय, अन् ते मी मारापायी बोलली." तिचा आवाज चिरकला पण थांबला नाही. "मायच्या पिशवीसाठी अख्खा गाव जमा झाला. माही काढली तवा कोन आला होता? माह्या आंगातून काढलं ते तुमी वापस देऊ शकत नाई. मंग दवा देनारे देते, तं तुमी रोकनारे कोन?"

"फार जवानी चढली!" मागून कोणीतरी म्हणालं. माणसं हसली. बायांनी माना खाली घातल्या.

ओमेश्वरीनं कापडी थैलीतून डॉक्टरीणबाईंनी स्वतः लिहून दिलेली नवी नळी काढली. सगळ्यांदेखत बाही वर सरकवली आणि दंडावर जेल चोळलं, सावकाश, शेवटचा थेंब जिरेपर्यंत. धनेंद्र उठला, आत गेला आणि दाराची कडी लावली. तिची दोन्ही मुलं आत होती.

तेव्हापासून ती गोंदियात चंचलच्या एका खोलीच्या घरात राहते. दर रविवारी आमगावच्या गाडीनं येते, त्या दारावर थाप मारते, मुलांना हाका मारते. आतून कोणी ओ देत नाही. शेजारच्या खिडक्यांतून बाया पाहतात, प्रत्येकीचा हात आपापल्या पोटावर. कडी आतून आहे. ती अखेर कोणी काढली, हे गोष्टीच्या शेवटी लिहायला हवं होतं. पण अजून कोणी काढलेली नाही.