दुसरा ब्रेक

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत. त्यामुळे त्यांची बायको कुणाला काही न शिकवताच मास्तरीणबाई झाली होती. शिकवणीच्या गाडीत बाजूच्या सीटपुढे दुसरा ब्रेक होता आणि मास्तरांचा पाय कायम त्यावर. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं ते प्रत्येकाला ऐकवत, आणि तो पाण्याजवळ गेला रे गेला की ब्रेक दाबत. बाईंना लायसन्स मिळून वर्ष उलटलं, तरी त्या चालवायला बसल्या की बाजूला हे हजर. गाडी नक्की कोण चालवतंय हे त्या गाडीलाही कळत नसावं.

लेक नोकरीसाठी परगावी जाताना आईला कॉम्प्युटरवर एक खेळ घालून देऊन गेली. त्यात आपण स्वतः दिसतच नाही, दिसतं फक्त डोळ्यांपुढचं एक पांढरं, रिकामं घर. जिना चढून वर जावं तर आपण पुन्हा तळाशी. मागे वळावं तर आलो ते दार गायब. कुठली कळ काय करते एवढंच लेकीने दाखवलं, पुढचं विचारायचं नाही म्हणून बजावलं. बाई त्या घराच्या प्रेमातच पडल्या. तिथे त्यांना वाट सांगणारं कुणी नव्हतं.

सांगायला मास्तर होतेच. खुर्चीमागे उभे राहून त्यांचं चालायचं, डावीकडे घे, सावकाश, थांब. एका सज्ज्याशी बाई आठवडाभर अडकल्या. पुढे खोल दरी, पलीकडे दार, मध्ये काही नाही. रविवारी दुपारी मास्तर मोबाइल नाचवत आले. पेपर फुटल्यासारखा आनंद झाला होता त्यांना.

"उत्तर सांगू नका," बाई म्हणाल्या.

"अगं, दोन मिनिटांचं काम. उगाच डोकं कशाला फोडतेस?"

"डोकं माझं आहे. सांगितलंत तर सगळं पुसून पहिल्यापासून खेळेन. पुन्हा सांगितलंत तर पुन्हा."

मास्तर स्टूल ओढून शेजारी बसले. तोंड बंद, पण जीव खालीवर होत होता. बाई विचार करत राहिल्या. या घरात चढलं की माणूस खाली येतो. मग पडलं तर? त्या सरळ काठाकडे निघाल्या. टेबलाखाली मास्तरांचा पाय करकचून फरशीवर दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. बाईंनी तो पाय पाहिला आणि पुढे पाऊल टाकलं. भिंती भराभर सरकल्या आणि बाई पलीकडच्या दारापुढे उभ्या होत्या.

"असंच करायचं होतं," मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

बाईंना आनंद झाला, पण त्याहून जास्त राग आला. अख्खं वर्ष त्यांनी त्या पायाच्या मर्जीने काढलं होतं. पडद्यावरचं दार तसंच ठेवून त्या उठल्या आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडल्या. मास्तर मागोमाग आले आणि सवयीने पुढचं दार उघडू लागले.

"तिथे नाही. यायचं असेल तर मागे बसा."

मास्तर मागे बसले. पहिल्याच वळणाला मागून पाय आपटल्याचा आवाज आला. गाडी बाईंना हवी तशी वळली.