चार हजार फेरे कमी

आमोदने डाव्या हाताने मोटर डायनोच्या पकडीत बसवली, उजव्या कोपराने दाबून धरली आणि दातांनी वायर ओढून क्लिपमध्ये अडकवली. बटण दाबताच मोटरीला जोडलेलं जड पितळी चाक घुमू लागलं. संगणकाच्या पडद्यावर रेघ चढत गेली आणि मध्येच आडवी झाली.

मिनिटाला एकोणीस हजार फेरे. गेल्या वर्षी हीच मोटर तेवीस हजार देत होती.

अर्धांगवायूचा झटका येऊन आठ महिने झाले होते. डॉक्टरांकडे जाणं सोडलं तर तो महाडच्या या घराबाहेर पडलाच नव्हता. रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीला दोन्ही हात लागतात, आणि उजव्या हाताची मूठ अजून उघडत नव्हती. म्हणून गाडी, मोटरी आणि त्यांची ताकद मोजणारा हा डायनोसुद्धा त्याने विनीतला देऊन टाकायचं ठरवलं होतं. विनीत, त्याचा पुण्याचा जुना प्रतिस्पर्धी, दुपारपर्यंत पोचणार होता. देण्याआधी प्रत्येक मोटर तपासावी, एवढंच आमोदच्या मनात होतं.

त्याने मोटर उघडली. आतले कार्बनचे ब्रश झिजून निम्मे झाले होते. कपाटात पडून राहिलेली मोटर अशी झिजत नाही. त्याने ती कागदावर हलकेच आपटली. तांबडी माती पडली.

शाळेला सुट्टी असल्याने त्याची शिक्षिका बायको सुनीती घरीच होती. चहा घेऊन आली ती कागदाकडे बघून दारातच थांबली.

"ही माती तुझ्या शाळेच्या मैदानातली ना?" त्याने विचारलं.

तिने कप टेबलावर ठेवला. "दर शनिवारी शाळा सुटल्यावर तिथेच, नाते गावात, अर्धा तास थांबते आणि गाडी फिरवते. पडून राहिली की मोटर जाम होते, असं तुम्हीच म्हणायचात."

"सांगितलं का नाहीस?"

"गाडीचं नाव काढलं तरी तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपत होतात."

आमोद झिजलेल्या ब्रशकडे बघत राहिला.

"वळणावर काय करतेस?"

"काय करणार? कुंपणावर जाऊन आदळते. आमच्या पोषण आहाराच्या प्रयागबाई भांडी टाकून बघायला येतात. 'बाई, गाडी लय तापट हाय तुमची,' म्हणतात."

आमोद हसला. हसताना त्याचा ओठ एका बाजूला ओढला गेला, पण आज त्याने तोंडावर हात धरला नाही.

"इकडे ये. हे धर."

तिने मोटर धरली. त्याने नवे ब्रश बसवले आणि मागचं झाकण केसभर उलटं फिरवलं. पुन्हा डायनो लावला. या वेळी रेघ हळूहळू, एकसारखी चढली आणि एकवीस हजारांवर थांबली.

"वेग कमी केलात?"

"सुरुवातीची उसळी काढली. आता तुझं ऐकेल. तेवीसवर नंतर जाऊ."

मग त्याने विनीतला फोन लावला. "गाडी देत नाही रे. पण आलाच आहेस तर जेवायला ये."

सुनीती खिडकीकडे वळून उभी होती. फोन ठेवून तो म्हणाला,

"उद्या तुझी एसटी कितीची?"

"पावणेसातची. का?"

"मला सहाला उठव."

त्याचे बूट तिने आठ महिन्यांपूर्वी माळ्यावर टाकले होते. ती आत जाऊन स्टूल शोधू लागली.