कच्च्या शिंपल्यांची पूड

मित्रांनो, खारदांड्याला एका कोळ्याच्या पडवीत एक रांजण उपडा घातलेला आहे. तो मी. माझी हकिकत मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. पण माझ्याशिवाय ती सांगणार तरी कोण?

मालन लग्न होऊन या घरात आली, त्याच वर्षी मीही आलो. तिचा नवरा दत्ताराम होडीवर जायचा. नळाला पहाटे तासभर पाणी यायचं, ते मी दिवसभर सांभाळायचो.

पाणी साठवणाऱ्या भांड्याला एक खोड असते. त्याच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर धरतो. डोळ्यांना तो दिसत नाही. मालन आत बोट फिरवून बघायची. "बोट घसरला का पानी मेला," असं म्हणायची.

दर मंगळवारी ती घरात खाल्लेल्या तिसऱ्यांचे शिंपले शेगडीतल्या लाल निखाऱ्यांत पुरायची आणि फुंकणीनं फुंकत बसायची. भाजून पांढरे, ठिसूळ झालेल्या शिंपल्यांवर पाणी शिंपडलं, की ते चुरचुरत फुटायचे. वाफ निघायची आणि आपोआप पूड व्हायची. ती पूड पाण्यात कालवून मालन मला काथ्यानं आतून चोळायची, तासभर तसंच ठेवायची, मग तीनदा धुवायची. तिच्या हातांची आग व्हायची, पण तिनं एक मंगळवार चुकवला नाही.

१९८२ साली गल्लीत जुलाब-उलट्यांची साथ आली. मालनच्या घरात कुणाला काही झालं नाही. दवाखान्यातल्या बाई घरोघर बघत आल्या. त्या म्हणाल्या, "या चिकट थरात रोगजंतू घर करतात. नुसतं घासून ते मरत नाहीत. शिंपले भाजलेत, म्हणून ही पूड त्यांना मारते. कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

मालन लाजली. "सासू भाजायची, म्हनून मी पन भाजते."

शेजारची नॅन्सी हसून म्हणाली, "मालन, तुजा रांजण माज्या नवऱ्याहून साफ हाय गो!"

मला तेव्हा फार अभिमान वाटला.

पुढल्या वर्षी मालनच्या मुलाचं, बाळाचं लग्न झालं. सून सुलक्षणा मुलुंडची. सासूला शिंपले भाजताना ती दर मंगळवारी बघे. पूड सहज व्हावी म्हणून भाजतात, असं तिला वाटे. तिनं विचारलं नाही आणि मालननं सांगितलं नाही. वर्षभरात राधा जन्मली. माझ्या काठाला धरून ती उभी राहायला शिकली.

१९८८ मध्ये दत्ताराम गेला. सुतकात दहा दिवस घरात विस्तव पेटवायचा नाही, अशी या घरची रीत. जेवण नॅन्सीकडून यायचं. मालन भिंतीला टेकून बसलेली असायची. मंगळवार आला.

"आई, तुम्ही बसा. रांजणाचं मी बघते," सुलक्षणा म्हणाली. तिनं टोपलीतले कच्चेच शिंपले घेतले आणि वरवंट्यानं कुटले. हाताला फोड आले, तरी थांबली नाही. पांढरीशुभ्र पूड झाली. मालननं ती पाहिली आणि मान डोलावली. तिचं लक्ष कुठे होतं!

त्या पुडीनं मला ओरखडे पडले, थर मात्र तसाच राहिला. मला ओरडून सांगावंसं वाटलं. भेटायला येणारा जो तो आपला पेला माझ्यात बुडवत होता. थर वाढत गेला.

नवव्या दिवशी राधेला उलट्या सुरू झाल्या. बाळा तिला उचलून इस्पितळात घेऊन गेला. तो परत आला, तेव्हा त्याचे हात रिकामे होते. डॉक्टरांनी त्याला पहिला प्रश्न पाण्याचा विचारला होता.

"मी घासला होता ना, आई! हे बघा माझे हात!" सुलक्षणा ओरडली.

मालननं ते हात आपल्या हातांत घेतले. "तू घासलास, पोरी. भाजला नव्हता. आनि भाजायचा कशाला, ते मी तुला कधी सांगितलाच नाय."

पुन्हा सुतक लागलं. तिसऱ्या दिवशी मालननं शेगडी पेटवली. धूर बघून समोरची म्हातारी सुगंधा धावत आली. "सुतकात विस्तव? लाज नाय तुला?"

"मागच्या सुतकात पेटवला नाय, सुगंधा. त्याची लाज वाटते."

मालननं सुलक्षणेला जवळ बसवलं, फुंकणी तिच्या हातात दिली आणि दवाखान्यातल्या बाईंचं बोलणं तिला शब्दन् शब्द सांगितलं. सुलक्षणा फुंकत राहिली. नंतर मालननं मला चोळलं, तीनदा धुतलं आणि उपडं घातलं. तेव्हापासून माझ्यातलं पाणी कुणी प्यालेलं नाही. मी कुणाला दोष देत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी एखादं काम वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं करत असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि 'असं का?' म्हणून विचारा. आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी कुणी विचारायची वाट बघू नये. मालनला सांगायला फार तर दोन वाक्यं लागली असती. पाच वर्षांत त्या दोन वाक्यांना सवड मिळाली नाही.