पाठीमागचं "हं"

धाकटीनं अभ्यासाची खुर्ची भिंतीला अगदी चिकटवून ठेवली होती. मागे माणूस उभं राहील एवढी जागाच नको. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. ते गणिताचे मास्तर. उभ्या जन्मात त्यांनी कुणा मुलावर हात उगारला नाही. धाकटी गणित सोडवायला बसली की ते मागे येऊन उभे राहायचे आणि तिची पेन्सिल चुकीकडे वळली की नाकातून एवढंच यायचं, "हं." त्यापेक्षा चार रट्टे परवडले असते. रागावलं तर रडता तरी येतं, "हं"ला माणूस काय उत्तर देणार?

वडील गेले, पण ते "हं" काही गेलं नाही. आणि नशिबाची थट्टा बघा, मास्तरीण व्हायचं तिनंच मनावर घेतलं! अध्यापक कॉलेजचे दोन सराव पाठ आधीच फसले होते. फळ्याकडे तोंड केलं की मागून "हं" ऐकू यायचं आणि खडू जागच्या जागी थांबायचा. आता तिसरा फसला की वर्ष पाण्यात.

कॉलेजातल्या गणिताच्या बाई ठेंगण्या आणि फटकळ.

"दीडला पावनं भाग," त्या म्हणाल्या.

"पाव उलटा करून गुणायचं. सहा."

"उलटा का करायचा?"

"तसा नियमच आहे."

"म्हणजे इतकी वर्षं नुसती पोपटपंची. घरी जा, कागदाच्या पट्ट्या काप आणि हातांना विचार."

तिनं पट्ट्या कापल्या. एक अख्खी, एक अर्धी. त्यांच्यावर पावाचे तुकडे मांडत गेली. अख्खीवर चार, अर्धीवर दोन. दीडमध्ये पाव सहा वेळा मावतो! एका पट्टीत चार पाव, मग पट्ट्या कितीही असोत, चारनं गुणायचं. उलटा करायचा तो एवढ्यासाठी! ती एकटीच खुदकन हसली. मग तिला पट्ट्यांचा नादच लागला. तिसरा भाग, आठवा भाग, घरभर कागदाचे कपटे. आठवड्यानं तिच्या ध्यानात आलं, इतक्या दिवसांत "हं" एकदाही आलं नाही. बरं वाटलं, आणि थोडं पोरकंही.

तिसऱ्या पाठाला बाई वही घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या. धाकटीनं फळ्याकडे तोंड केलं. हात थांबला नाही. पाठ रंगला, मुलं एकमेकांच्या आधी बोलू लागली. मग तिनं दोन वेण्यांच्या एका मुलीला दीड भागिले पाव सोडवायला पुढे बोलावलं आणि स्वतः तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

मुलीनं तीन छेद दोन लिहिलं, गुणाकाराचं चिन्ह काढलं आणि पाव न उलटताच एक छेद चार लिहायला घेतलं.

"हं."

मुलीचे खांदे कानांपर्यंत चढले. खडू थांबला.

धाकटी गर्रकन मागे वळली. बाकांवर मुलं गप्प होती, बाई काहीतरी लिहीत होत्या. मुलीच्या मागे तिच्याशिवाय कुणीच नव्हतं. ते "हं" तिचं स्वतःचं होतं.

वर्गातून पळून जावंसं वाटलं तिला. त्याऐवजी ती मुलीच्या मागून निघाली आणि समोर, तिला दिसेल अशी, गुडघ्यांवर बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मीसुद्धा इथंच अडकायचे. आकडे राहू दे. या पट्ट्या घे आणि दीडमध्ये पाव किती मावतात ते तूच मला सांग."

मुलीनं एकदा मागे पाहिलं. मग तुकडे मांडले, एकेकावर बोट ठेवत. "सहा. पण बाई, भागलं तर कमी व्हायला हवं ना? हे वाढलं कसं?"

"तूच सांग."

मुलगी थांबली. या वेळी खांदे खालीच होते. "पाव छोटा आहे, म्हणून जास्त मावतात."

तास संपल्यावर बाईंनी वही मिटली. "पास. ते मधलं 'हं' कुठून आणलंस गं?"

"घरून," धाकटी म्हणाली.

घरी आल्यावर तिनं खुर्ची भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध ठेवली. आई दारात उभी होती.

"आता मागची भीती नाही वाटत?"

"मागची नाही," धाकटी म्हणाली, आणि तिचा हात आपसूक स्वतःच्या तोंडाकडे गेला.