मुंगीने मला साठ वेळा टाकलं

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फासा आहे. टेबलाच्या पायातून उरलेल्या तुकड्यापासून एका सुताराने मला घडवलं. सहाही बाजू मोजून-मापून सारख्या केल्या. मग खेळाच्या डब्यातली कामाची वर्षं आली. सहा पडला की मुलं माझे मुके घेत, एक पडला की भिंतीवर आपटत. यात माझा काय दोष? पुढे सोंगट्या हरवल्या आणि मी गणिताच्या बाईंच्या खणात धूळ खात पडलो.

यंदा बाईंनी मला बाहेर काढलं. रोज एका मुलाने मला घरी न्यायचं, साठ वेळा टाकायचं आणि पडलेले आकडे लिहून आणायचे. पुस्तक सांगतं, प्रत्येक आकडा साठात दहा वेळा यायला हवा. वीस घरं हिंडलो मी! त्यातल्या एकोणीस घरांत दप्तराबाहेर निघालोच नाही. वर्गातल्या सर्वांत बुटक्या मुलीने, मुंगीने, मला खरोखर साठ वेळा टाकलं. सहाचा आकडा सतरा वेळा पडला.

बाई भडकल्या. वहीवर लाल शेरा मारला. "सगळ्यांचे दहा-दहा आणि तुझेच सतरा? आकडे ठोकून दिलेस ना? गणिताच्या संघातून तुझं नाव कापते."

"नाही हो बाई! शप्पथ, खरंच टाकला!"

माझा जीव तळमळला. अहो, ती खरं बोलतेय! पण मला कुठलं तोंड?

"मग टाक इथेच, सगळ्यांसमोर."

साठ-साठच्या दहा फेऱ्या ठरल्या. पहिल्या फेरीत सहाचा आकडा दहा वेळा आला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. दुसरीत अकरा वेळा. मी पुरता घाबरलो. मी जितका सरळ वागेन तितकी ही बुडणार, आणि मुद्दाम वाकडं पडणं मला येत नाही! तिसरीत पाच. चौथीत सोळा! बाईंचा खडू थांबला, मग पुन्हा चालू लागला. शेवटी सहाशेत सहाचा आकडा एकशे तीन वेळा आला होता.

"सहाशेत पुस्तकाच्या जवळ आलं," बाई हळूच म्हणाल्या, "पण एकाही फेरीत सगळे आकडे दहा-दहा आले नाहीत." त्यांनी एकोणीस वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. "आता सांगा, फासा टाकला कुणी?"

बाईंनी लाल शेरा खोडला. "चुकलं माझं, बाळा." तेव्हा कुठे मुंगीला रडू फुटलं.

मित्रांनो, एवढीच विनंती आहे. मला घरी न्याल तर दप्तरात कोंडून ठेवू नका. मला टाका, आणि जे पडेल तेच लिहा.